फ्रायजिंगचा चोथ्याचा पाव

म्यूनिखच्या मुख्य स्थानकावरून उत्तरेकडे जाणाऱ्या लोकल गाडीत बसले, की पाऊण तासाच्या आसपास फ्रायजिंग येते. वाचकहो, आपण कधी त्या बाजूला गेलात, तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. ही गाडी वाटेत नॉयफार्न स्थानकावर दुभंगते. काही डबे विमानतळाकडे जातात आणि काही फ्रायजिंगला. चुकीच्या डब्यात बसलेला म्हातारा माणूस गोंधळून जातो. आम्हीही गोंधळलो होतो. माझ्याबरोबर माझी ७८ वर्षांची आई होती, तिच्या हातात काठी होती आणि आम्हाला न्यायला आलेली माझी लेक ऐनवेळी ओरडली, ‘‘आजी, पुढच्या डब्यात!’’ आम्ही फलाटावरून कसेबसे धावलो. आईने नंतर दोन दिवस त्या धावण्याचा विषय सोडला नाही.

माझी लेक तेथे शिकते. सप्टेंबर महिना होता. गावाबाहेर हॉप्सच्या वेलींचे उंचच उंच मांडव होते आणि त्यांची तोडणी चालू होती. द्राक्षबागा पाहिलेल्या आपल्या डोळ्यांना ते मांडव अवाढव्य वाटतात. हॉप्सच्या लागवडीसाठी जगभर नावाजलेला हालेरटाउ हा प्रदेश येथूनच सुरू होतो.

फ्रायजिंगला दोन टेकड्या आहेत. एकीवर जुने कॅथेड्रल आहे, दुसरीवर वाइहेनश्टेफान. गावाच्या चिन्हात पाठीवर ओझे घेतलेले एक अस्वल आहे. संत कोर्बिनियान रोमला निघाले असताना अस्वलाने त्यांचे ओझ्याचे जनावर मारले, तेव्हा त्यांनी त्या अस्वलाच्याच पाठीवर ओझे लादले आणि ते मुकाट्याने चालू लागले, अशी दंतकथा आहे. ही कथा ऐकून आई प्रसन्न झाली. आळंदीच्या माउलींनी रेड्याकडून वेद वदविले, चांगदेव वाघावर बसून आले. तिच्या हिशेबात हे अस्वल त्याच पंगतीत बसले आणि परके गाव तिला एकदम ओळखीचे झाले.

दुसऱ्या टेकडीविषयी मात्र तिच्या मनात शंका होती, कारण तेथे बीअर होते. वाइहेनश्टेफान हा मूळचा बेनेडिक्टाइन संन्याशांचा मठ. इ. स. १०४० मध्ये मठाला बीअर गाळण्याचा परवाना मिळाला असे सांगितले जाते, आणि त्या आधारावर ही जगातील सर्वांत जुनी चालू ब्रुअरी समजली जाते. काही इतिहासकार त्या कागदाविषयी शंका घेतात, ते सोडून देऊ. १८०३ मध्ये मठ बरखास्त झाला, ब्रुअरी सरकारजमा झाली आणि आजही ती बव्हेरिया राज्याच्या मालकीची आहे. शेजारीच म्यूनिखच्या तंत्र विद्यापीठाचा परिसर आहे. तेथे बीअर गाळणे हा रीतसर पदवीचा विषय आहे! चढ फार नाही, तरी गुडघे दुखणाऱ्यांनी गावातल्या बसनेच वर जावे. वर मोठी झाडे आहेत, बाके आहेत, आणि फुलझाडांची एक अभ्यासबाग आहे. आई त्या बागेत दोन तास बसली आणि तिने शेवंतीसारख्या एका फुलाचे बी मागायला मला माळ्याकडे पाठवले.

वाऱ्यावर एक वास येत होता. गव्हाची लापशी चुलीवर रटरटत असताना येतो तसा, किंचित गोड. आईने विचारले, ‘‘हा दारूचा वास आहे का रे?’’ मी म्हणालो, ‘‘नाही, हा धान्याचा वास आहे.’’ त्या वेळी हे उत्तर मी अंदाजाने दिले होते. ते खरे आहे याची खात्री करण्याची वेळ दुसऱ्याच दिवशी आली.

कारण असे, की प्रवासात आईचे पोट बिघडले होते. बिघडले म्हणजे साफच होत नव्हते. विमानातील बैठक, बदललेली वेळ, कमी पाणी, मऊ पांढरा पाव आणि परक्या घरातील संडासाचा संकोच. ज्येष्ठांच्या बाबतीत एवढी कारणे पुरतात. चौथ्या दिवशी लेकीने बेकरीतून एक गडद तपकिरी, जडसा पाव आणला. जर्मनीत पावाची संस्कृती एवढी समृद्ध आहे, की त्या देशाने ती आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंदवली आहे. या पावाचे नाव ट्रेबरब्रोट. ट्रेबर म्हणजे बीअर करताना उरलेला धान्याचा चोथा. ‘‘आजी, यात कोंडा भरपूर आहे, पोटाला चांगला,’’ असे लेक म्हणाली आणि ते कशापासून होते, तेही प्रामाणिकपणे सांगून मोकळी झाली.

आईच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. चाळीस वर्षे ती एकादशी सोडत नाही. तिने हातातला तुकडा खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिले. ‘‘तू डॉक्टर आहेस. दारूच्या कारखान्यातला पाव मी खाल्ला, तर चालेल का नाही, ते मला खरे सांग. माझे पोट साफ व्हावे म्हणून खोटे सांगू नकोस.’’

रुग्णाला बरे वाटावे म्हणून गोड खोटे बोलणे आम्हा डॉक्टरांना फार सोपे असते. पण माळकरी आईशी तसे बोलायला माझी जीभ धजेना. मी म्हणालो, ‘‘उद्या पाहून येतो, मग सांगतो.’’

लेकीच्या एका ओळखीच्या मुलामुळे जवळच्या खेड्यातील एक लहान ब्रुअरी आतून पाहता आली. तेथे जे पाहिले, ते आपल्यालाही सांगतो, कारण आईसारखा प्रश्न आपल्यापैकी अनेकांना पडेल. प्रथम जव, म्हणजे आपले सातू, भिजवून त्यांना मोड आणतात आणि मग उष्णतेवर वाळवतात. आपण नाचणीला मोड आणून सत्त्व करतो, ती हीच क्रिया. (आपण ज्याला सातूचे पीठ म्हणतो, त्यात अनेक घरी सातू नसतातच, गहू आणि डाळे असते. हे जाता जाता.) मोड आलेले धान्य भरडून ते साधारण ६५ अंश तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवतात. मोडांमध्ये तयार झालेली विकरे धान्यातील पिष्टाची साखर करतात. हे गोड पाणी गाळून घेतले जाते, आणि गंमत अशी, की गाळणी म्हणून धान्याच्या टरफलांचाच थर उपयोगी पडतो. गोड पाणी खाली उतरते, चोथा वर राहतो. त्यानंतर ते पाणी दुसऱ्या पातेल्यात जाते, तेथे हॉप्स घालून उकळले जाते, थंड होते, आणि मगच त्यात यीस्ट घालतात. मद्यार्क तयार होतो तो यीस्टमुळे, म्हणजे चोथा वेगळा झाल्यानंतर पुष्कळ वेळाने. चोथ्याला हॉप्सचा कडूपणाही लागलेला नसतो.

मी चिमूटभर गरम चोथा तोंडात टाकून पाहिला. चव लापशीच्या तळाला राहिलेल्या भरड्यासारखी, गोडी जवळजवळ निघून गेलेली, आणि दातांत अडकणारी तुसे. ढोबळ हिशेब असा, की १०० लिटर बीअरमागे साधारण २० किलो ओला चोथा उरतो. बाहेर एक शेतकरी ट्रॅक्टरची ट्रॉली लावून उभाच होता. जगभर या चोथ्याचा मोठा भाग असा गाई-म्हशींच्याच गव्हाणीत जातो. पुण्यातल्या ब्रुअरींचा चोथाही दुभत्या जनावरांना घातला जातो.

घरी येऊन मी हे सगळे आईला सांगितले. तिने मध्ये न बोलता ऐकले आणि एकच वाक्य उच्चारले, ‘‘म्हणजे दारू व्हायच्या आधीच हा बाजूला निघाला.’’ पण लगेच नातीला हुकूम केला, की बेकरीत जाऊन विचार, मळताना दारू घालतात का. मला हा प्रश्न सुचला नव्हता. लेक विचारून आली. त्या बेकरीत पाणीच घालत होते. मात्र काही बेकऱ्या अशा पावाचे पीठ पाण्याऐवजी बीअरने मळतात, असे तिला तेथेच कळले. भाजताना मद्यार्काचा बहुतेक भाग उडून जातो हे खरे, पण ज्याला तो व्रत म्हणून वर्ज्य आहे, त्याने आईसारखे विचारून घ्यावे. खावे की न खावे हा निर्णय ज्याचा त्याचा. आपले काम त्याला खरी माहिती देण्याचे. घरातील वृद्धांना न सांगता काही खाऊ घालणे मला पटत नाही, मग ते कितीही गुणकारी असो.

आता त्या चोथ्यात असते काय? ताज्या चोथ्याचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग नुसते पाणी असते. वाळवल्यावर जे उरते, त्यातील निम्म्याहून अधिक तंतुमय पदार्थ आणि सुमारे एक पंचमांश प्रथिने असतात. पिष्ट बहुतेक बीअरमध्ये गेलेले असते. त्यामुळे या चोथ्याचे पीठ गव्हाच्या पिठात मिसळले, की त्या भाकरीतील पिष्टाचा वाटा थोडा कमी आणि कोंड्याचा वाटा पुष्कळ अधिक होतो. मधुमेहींसाठी हे बरे आहे. पण म्हणून साखरेची गोळी आपल्या मनाने कमी करावी, असे मात्र मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतुमय पदार्थ घ्यायला सांगते. माझ्या दवाखान्यात येणारे ज्येष्ठ लोक दात गेल्यामुळे मऊ भात, चहा-बिस्किटे आणि साईचे दूध यांवर येऊन ठेपलेले असतात. ते या आकड्याच्या जवळपासही नसतात.

एक भाबडा समज येथेच दूर करतो. जवातील व ओट्समधील बीटा-ग्लुकन या विरघळणाऱ्या तंतूमुळे कोलेस्टेरॉल काहीसे कमी होते, हे सिद्ध आहे. परंतु बीअर करताना त्यातील बराच भाग मोडून गोड पाण्याबरोबर निघून जातो. चोथ्यात उरतात ते मुख्यतः न विरघळणारे, खरखरीत तंतू. त्यांचा उपयोग पोट साफ होण्यासाठी, हृदयाचे औषध म्हणून नव्हे. वेष्टनावर काहीही छापलेले असो.

आणि या खरखरीत तंतूंविषयी मला आपल्याला एक कबुली द्यायची आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे येत असत. त्यांना कंपवात होता. बद्धकोष्ठाची तक्रार घेऊन आले, तेव्हा मी घाईघाईने सांगितले, ‘‘गुरुजी, रोज तीन चमचे कोंडा खा.’’ ते शिस्तीचे गृहस्थ, त्यांनी तीन चमचे मोजून खाल्ले. नवव्या दिवशी त्यांच्या सूनबाई त्यांना रिक्षात घालून घेऊन आल्या. पोट ढोलासारखे फुगलेले, आतड्यात मळाचा घट्ट खडा बसलेला. रुग्णालयात नेऊन तो काढावा लागला आणि त्या सभ्य माणसाला त्या प्रकारात जी लाज वाटली, ती मी विसरलेलो नाही. चौकशी केल्यावर कळले, की प्रोस्टेटमुळे रात्री पाच-सहा वेळा उठावे लागते म्हणून ते दुपारनंतर पाणीच पीत नसत. हे मी विचारायला हवे होते. कोंडा पाणी शोषून फुगतो. पाणी नसेल, तर तोच आतड्यात बूच होऊन बसतो. दोष कोंड्याचा नव्हता, गुरुजींचाही नव्हता. तो माझा होता.

म्हणून चोथ्याचा पाव असो की घरचा गव्हाचा कोंडा, काळजीवाहकांनी पहिला प्रश्न पाण्याचा विचारावा. हृदय कमजोर असल्यामुळे किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाणी मोजून दिले जाते, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा कोंडा वाढवू नये. ज्यांना पक्षाघातानंतर किंवा कंपवातामुळे गिळताना ठसका लागतो, त्यांना हा कोरडा, तुसे असलेला पाव देऊच नये. पोटाची शस्त्रक्रिया होऊन आतडे चिकटलेले किंवा अरुंद झालेले असेल, तर तेच. सीलिअ‍ॅक रोग असलेल्यांना जव गव्हाइतकेच वर्ज्य आहेत, कारण त्यातही ग्लूटेन असते आणि ते चोथ्यात राहते. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी ती नेहमीप्रमाणे रिकाम्या पोटी घ्यावी आणि कोंड्याचा पदार्थ तिच्यापासून दूर, निदान काही तासांनी खावा. नाही तर गोळी अंगी लागत नाही.

आईचेही पहिल्या दिवशी चुकले, म्हणजे माझ्या देखत चुकले. पावाची कड तिने तशीच चावली, तुसाचा एक कण कवळीखाली गेला, हिरडी दुखावली आणि वर ठसकाही लागला. दुसऱ्या दिवसापासून लेक कडा कापून काढू लागली आणि मधला गर भाज्यांच्या कोमट सूपमध्ये बुडवून देऊ लागली. दिवसाला एकच काप, आणि त्यासोबत दोन पेले पाणी, तेही संध्याकाळच्या आत. तिसऱ्या सकाळी आई स्नानगृहातून बाहेर आली, ती हरिपाठ म्हणतच. आम्ही कोणी काही विचारले नाही.

बीअरच्या धंद्यातील आणखी एक उरलेला पदार्थ आपल्या मुंबईशी जोडलेला आहे. तो चोथा नव्हे, तर तळाशी साचलेले यीस्ट. ते घट्ट करून खाता येते, या शोधाचे श्रेय जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिख यांना दिले जाते, आणि १९०२ मध्ये इंग्लंडमधील बर्टन या बीअरच्याच गावी त्यापासून मार्माइट नावाचे काळे, खारट चाटण तयार होऊ लागले. १९२८ मध्ये लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरोदर स्त्रियांना एक विचित्र, गंभीर पंडुरोग होत होता आणि त्यात बाळंतिणी दगावत. नेहमीच्या लोहाने तो हटत नसे. विल्सबाईंनी आधी माकडावर आणि मग त्या स्त्रियांवर मार्माइटचा प्रयोग केला, आणि त्या बऱ्या झाल्या. त्यांनी ते १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या चाटणात नेमके काय होते, हे पुढे कळले. ते फोलेट, म्हणजे आज प्रत्येक गरोदर स्त्रीला आपण देतो ती फोलिक ॲसिडची गोळी. परळच्या गिरणीतल्या बायांचे प्राण बीअरच्या पिंपाच्या तळाने वाचवले, असे मी आईला सांगितले, तेव्हा तिने क्षणभर विचार करून माळेला हात लावला आणि म्हणाली, ‘‘औषधाला दोष नसतो.’’ मात्र एक सावधगिरी: ज्यांना गाउट, म्हणजे युरिक ॲसिडचा संधिवात आहे, त्यांनी यीस्टच्या गोळ्या किंवा चाटण टाळावे. चोथा आणि यीस्ट या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे दुकानात विसरू नये.

निघायच्या आधी लेकीने वाळवून दळलेल्या चोथ्याची एक पुडी आणून दिली. तेथे असे पीठ मिळते. आपल्याकडे बंगळुरूत असे पीठ करण्याचा उद्योग सुरू झाला आहे. पुडी उघडून आईने पीठ बोटांवर चोळले, हुंगले आणि म्हणाली, ‘‘हे तर कुरडईच्या चोथ्यासारखे आहे.’’ तिचे खरे होते. उन्हाळ्यात कुरडयांसाठी गहू भिजवून चीक काढला, की उरलेल्या चोथ्यात तीळ, जिरे, तिखट, मीठ घालून आपल्या आज्या भुसवड्या घालत. कोंड्याचा मांडा करणाऱ्या त्या बायकांना बव्हेरियाने काही नवीन शिकवावे असे नाही.

आईने केले ते असे. थालिपिठाच्या भाजणीचे चार वाटे आणि या पिठाचा एक वाटा. त्याहून अधिक घातले, तर थालिपीठ फुटते आणि घशाला लागते. कोमट पाण्यात भिजवून अर्धा तास झाकून ठेवले, म्हणजे तुसे मऊ होतात. किसलेला दुधी भरपूर, कांदा, ओवा, हळद. झाकण ठेवून मंद आचेवर. मऊ थालिपीठ, सोबत ताक. कवळीलाही त्रास नाही. पहिल्या आठवड्यात अर्धेच खावे, कारण सवय नसलेल्या पोटात गॅस होतो; मग हळूहळू वाढवावे.

एखाद्या ओळखीच्या ब्रुअरीतून ओला चोथा पिशवीत भरून आणण्याचा मोह कोणाला झाला, तर तो आवरावा. त्यात पाणी इतके असते, की आपल्या हवेत एका दिवसात तो आंबू लागतो आणि बुरशी धरतो. बुरशीची विषे भाजून जात नाहीत. खाण्यासाठी म्हणून स्वच्छ वाळवून विकलेले पीठच घ्यावे, आणि पाकीट उघडल्यावर घट्ट डब्यात, शक्यतो फ्रिजमध्ये ठेवावे.

आमची पुडी दिवाळीच्या सुमारास संपली. मी आईला म्हणालो, की लेकीला आणखी पाठवायला सांगतो. ती म्हणाली, ‘‘कशाला टपालाचे पैसे घालवतोस? गेला आठवडाभर मी चाळणीतला गव्हाचा कोंडाच घालते आहे. तुला कळले का?’’

मला कळले नव्हते.